उण्या सणाचा हिशेब : ‘श्यामची आई’ आणि ‘अ ख्रिसमस मेमरी’ यांतील शोक व स्मरणरंजन

प्रस्तावना

सण ही मुळात विपुलतेची कल्पना आहे. वर्षभर जे जपून वापरायचे, ते सणाच्या दिवशी सढळ हाताने खर्चायचे, अशी जवळजवळ सर्व समाजांची रीत दिसते. त्यामुळे सणाच्या दिवशी जाणवणारी उणीव एरवीच्या उणिवेहून वेगळी असते. एरवी घरात तेल कमी असले तर ती केवळ टंचाई ठरते, पण दिवाळीच्या पहाटे ते कमी पडले तर तिला आठवणीची आणि तुलनेची धार येते. मागच्या वर्षी काय होते, कोण होते, हा प्रश्न त्या उणिवेला चिकटूनच येतो.

मराठी समाजजीवनात अशा ‘उण्या’ सणाला एक स्थान आहे. घरात मृत्यू घडला की त्या वर्षी अनेक कुटुंबांत दिवाळीचा फराळ केला जात नाही. आप्त आणि शेजारी तो आणून देतात. सण पूर्णपणे टाळला जात नाही आणि पूर्णपणे साजराही होत नाही. दुःखाला जागा करून देऊन सणाला किंचित मागे सरकवण्याची ही लोकरीत आहे. सामूहिक पातळीवर असाच अनुभव करोनाच्या साथीत २०२० साली आला. राज्य शासनाने सार्वजनिक गणेशमूर्तींची उंची चार फुटांपर्यंत आणि घरगुती मूर्तींची दोन फुटांपर्यंत मर्यादित केली. १९३४ पासून चालत आलेल्या ‘लालबागचा राजा’ मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता रक्तदान व प्लाझ्मादानाचा ‘आरोग्योत्सव’ घेतला. सण आटला म्हणजे नेमके काय आटते आणि काय उरते, हा प्रश्न त्या वर्षी घरोघरी उभा राहिला.

साहित्याने हा प्रश्न फार पूर्वीच हाताळला आहे. प्रस्तुत लेखात साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील ‘आनंदाची दिवाळी’ हे प्रकरण आणि अमेरिकन लेखक ट्रुमन कपोटी यांची ‘अ ख्रिसमस मेमरी’ ही दीर्घकथा यांचा एकत्रित विचार केला आहे. या दोन कृतींमध्ये प्रभावाचा कोणताही संबंध नाही. त्यांचे धर्म, देश आणि वाङ्मयीन परंपरा भिन्न आहेत. तरीही गरिबीत साजरा झालेला सण, तो घडवणारी एक स्त्री, तिच्या मृत्यूनंतर तो सण आठवणारा पुरुष निवेदक आणि त्या आठवणीत मिसळलेला शोक ही रचना दोहोंत समान आहे. दोन्ही कृतींवर भाबडेपणाचा आक्षेप घेता येतो, हे साम्यही दुर्लक्षिण्याजोगे नाही. या कृती भाबडेपणापासून कोठे वाचतात आणि कोठे त्याच्या अधीन होतात, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

‘स्मरणरंजन’ या संज्ञेविषयी

‘नॉस्टॅल्जिया’ या शब्दासाठी मराठी समीक्षेत ‘स्मरणरंजन’ ही संज्ञा रूढ आहे. ती अर्थवाही असली तरी तिने मूळ शब्दातील एक घटक गाळला आहे. योहान्स होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात हा शब्द प्रथम घडवला. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड होता आणि घरापासून दूर असलेल्यांना जडणाऱ्या व्याधीचे ते नाव होते. म्हणजे मूळ शब्दात वेदना आहे. मराठी संज्ञेत तिच्या जागी रंजन आले आहे.

हा केवळ शब्दार्थाचा मुद्दा नाही. ‘स्मरणरंजन’ म्हटल्यावर भूतकाळाकडे गोडव्याने पाहणारे आणि म्हणून काहीसे दुय्यम दर्जाचे लेखन डोळ्यांसमोर येते. ज्या लेखनात गोडवा आणि वेदना एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, त्याच्यासाठी ही संज्ञा अपुरी पडते. उण्या सणाच्या कथा नेमक्या याच प्रकारात मोडतात. त्यांत सण आनंदाचा असतो, म्हणून त्याचे स्मरण गोड असते. तो सण करणारी व्यक्ती आता नसते, म्हणून तेच स्मरण दुखते. या दोन भावना एकामागून एक येत नाहीत, एकाच तपशिलातून एकाच वेळी येतात. असा तपशील कोणता, हे पाहिल्याशिवाय या कृतींचे मूल्यमापन करता येणार नाही.

‘अ ख्रिसमस मेमरी’ : मोजलेला सण

कपोटी यांची ही कथा डिसेंबर १९५६ मध्ये ‘मादमॉझेल’ या नियतकालिकात प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९५८ साली ‘ब्रेकफस्ट ॲट टिफनीज’ या पुस्तकात समाविष्ट झाली. अलाबामा राज्यातील मन्‍रोव्हिल या लहान गावी आईच्या नातलगांकडे गेलेले लेखकाचे बालपण तिच्या मुळाशी आहे. कथेत सात वर्षांचा मुलगा आणि त्याची साठी उलटलेली दूरची बहीण यांची मैत्री आहे. ती मुलाला ‘बडी’ म्हणते. बडी हे तिच्या बालपणीच्या जिवलग मित्राचे नाव असून तो मित्र १८८० च्या दशकात लहानपणीच वारला होता. म्हणजे कथेतील मुलाचे संबोधनच एका जुन्या शोकाचे स्मारक आहे. निवेदक ही गोष्ट सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून पुढे जातो. तिचे पूर्ण वजन मात्र शेवटी कळते.

नोव्हेंबर सरत असताना एका थंड सकाळी म्हातारी ठरवते की सुकामेव्याचे केक करण्याचे दिवस आले. पुढची सारी कथा या केकभोवती फिरते आणि तिच्यात सतत मोजदाद चालते. शेतमालकाने झाडावरून फळे उतरवून नेल्यावर मागे पडून राहिलेली पेकानची फळे दोघे गोळा करतात. वर्षभर साठवलेले पैसे पलंगाखालच्या सैल फळीखाली लपवलेल्या बटव्यातून बाहेर निघतात. ते कोठून आले, याची यादीही दिली आहे : मुरंबे विकून, लग्नांसाठी आणि अंत्ययात्रांसाठी फुले तोडून, घरातल्या माश्या मारून. माश्यांचा दर २५ माश्यांना एक सेंट असा होता. मोजणीत तिच्या हिशेबाने १२ डॉलर ७३ सेंट होतात, मुलाच्या हिशेबाने नेमके १३. तेरा हा आकडा अशुभ, म्हणून खात्रीसाठी एक सेंट खिडकीबाहेर फेकला जातो.

हा प्रसंग विनोदी आहे, परंतु कथेचे सारे तंत्र त्यात सामावले आहे. ज्यांच्यापाशी एकेक सेंट श्रमाने आलेला आहे, ती माणसे एक सेंट फेकून देतात. हिशेब काटेकोर आहे आणि तो कृपणाचा नाही, ही गोष्ट लेखकाला विशेषणांतून सांगावी लागत नाही. आकडाच ती सांगतो. पुढे केकसाठी लागणारी व्हिस्की विकणारा दुकानदार घेतलेली नाणी परत बटव्यात टाकतो आणि मोबदल्यात एक केक मागतो. असे ३१ केक होतात. ते जातात मात्र नातलगांकडे नव्हे, तर क्वचित भेटलेल्या किंवा कधीच न भेटलेल्या लोकांकडे : राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट, वर्षातून दोनदा येणारा धार लावणारा, रोज हात हलवून जाणारा बसचालक. ज्या घरात ही दोघे राहतात, तेथे सत्ता इतर नातलगांची आहे आणि त्यांचे रागावणे दोघांना वरचेवर रडवते. केकची यादी ही या एकाकी माणसांनी स्वतःसाठी निवडलेली आप्तांची यादी ठरते.

भेटवस्तूंच्या प्रसंगात कथेचा गाभा उघड होतो. मुलाला सायकल द्यावी, अशी म्हातारीची इच्छा आहे आणि ती शक्य नाही. हवी ती वस्तू आपल्याला न मिळणे तितके जाचत नाही, जितके आवडत्या माणसाला हवी ती वस्तू देता न येणे जाचते, अशा अर्थाचे ती बोलते. दारिद्र्याची ही व्याख्या लक्षणीय आहे. अभाव येथे न मिळण्यात नसून न देता येण्यात आहे. अखेर दोघे एकमेकांसाठी पतंग करतात, जसे त्यांनी मागच्या वर्षीही केले होते. ते पतंग उडवतानाच, जे भोवती आहे तेच पाहणे म्हणजे देवाला पाहणे असावे, असा विचार म्हातारीच्या मनात येतो.

यानंतर कथा वेगाने संपते. हा दोघांचा अखेरचा नाताळ ठरतो. मुलाला सैनिकी शाळेत पाठवले जाते, कुत्री मरते, म्हातारी एकटीच केक करत राहते. ती पत्रातून चित्रपटासाठी दहा सेंटचे नाणे पाठवते आणि हळूहळू या बडीची व १८८० च्या दशकात गेलेल्या बडीची तिच्या मनात गल्लत होऊ लागते. एका नोव्हेंबरात ती उठू शकत नाही. बातमी येण्याआधीच निवेदकाला ती कळलेली असते. शाळेच्या आवारात तो आकाशाकडे पाहतो, जणू दोन हरवलेले पतंग दिसणार आहेत.

‘आनंदाची दिवाळी’ : वळवलेली ओवाळणी

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते १९३५ साली प्रकाशित झाले. त्यांच्या आईचे निधन १९१७ साली झाले होते. म्हणजे दीड दशकाच्या अंतराने, बंदिवासात, हे स्मरण शब्दबद्ध झाले. पुस्तकाची चौकटही स्मरणाचीच आहे. आश्रमातील सोबत्यांना श्याम रात्रीमागून रात्री आईच्या आठवणी सांगतो. श्रोत्यांना पहिल्या रात्रीपासूनच माहीत असते की जिच्याविषयी ऐकत आहोत, ती आता हयात नाही. त्यामुळे पुस्तकातील प्रत्येक आनंदावर शोकाची छाया आधीच पडलेली असते.

कोकणातील एकेकाळचे सुस्थितीतील खोताचे घराणे कर्जात बुडत जाते, ही या आठवणींची आर्थिक पार्श्वभूमी आहे. ‘तेल आहे, तर मीठ नाही’ यासारखे प्रकरणाचे शीर्षकच घरातील मोजदाद सांगते. ‘आनंदाची दिवाळी’ या प्रकरणात वडिलांचे धोतर जीर्ण झाले आहे आणि सणाला नवे घेण्याची ऐपत नाही. आईला तिच्या भावांकडून भाऊबीजेची मोजकी रक्कम मिळते. ती तिच्या हक्काची आणि तिच्या माहेरची आहे. या रकमेतून ती पतीसाठी नवे धोतर आणवते. शीर्षकातील आनंद एवढ्याच वस्त्राचा आहे.

कपोटींच्या म्हातारीप्रमाणे येथेही उणीव न मिळण्याची नसून न देता येण्याची आहे. पती फाटक्या धोतरात सण करणार, याचे दुःख आईला आहे. हे प्रकरण केवळ त्यागाची कथा म्हणून वाचल्यास त्यातील सूक्ष्म सामाजिक व्यवहार नजरेतून सुटतो. भाऊबीजेची ओवाळणी ही विवाहित स्त्रीच्या हाती येणाऱ्या अत्यल्प स्वतंत्र रकमांपैकी एक होती. तिच्यावर सासरच्या कर्जाचा अधिकार नव्हता. भावाने बहिणीला दिलेले पैसे पत्नीने पतीला दिलेले वस्त्र होतात, तेव्हा सणाच्या देवघेवीचा नेहमीचा प्रवाह उलट फिरतो. दिवाळीला पतीने पत्नीला द्यायचे, अशी लोकरूढी आहे. येथे देणारी पत्नी आहे. घराण्याची घसरण किती झाली आहे, हे या एका उलट्या देण्यातून कळते आणि त्यासाठी लेखकाला कोणतेही भाष्य करावे लागत नाही.

हिशेब हे शोकाचे रूप

दोन्ही कृतींतील समान सूत्र आता स्पष्ट होते. गरिबीतील सणाचे वर्णन दोन प्रकारे करता येते. ‘काही नव्हते, तरी आम्ही सुखी होतो’ हा पहिला प्रकार. यात उणीव धूसर राहते आणि सुख मात्र ठळक होते. रंजन येथूनच सुरू होते. दुसऱ्या प्रकारात काय होते, किती होते, ते कोठून आले आणि कोणाकडे गेले, याची नोंद केली जाते. ३१ केक, १२ डॉलर ७३ सेंट, माहेरची मोजकी ओवाळणी, एक धोतर. आकडे आणि वस्तू आठवणीला सैल होऊ देत नाहीत.

प्रौढ निवेदकाने या वस्तू इतक्या नेमकेपणाने का आठवाव्यात? मूल असताना त्याने त्या मोजल्या, तेव्हा तो खेळ होता किंवा घरातील नित्याची गोष्ट होती. आता तो पुन्हा मोजतो, कारण गेलेल्या व्यक्तीचे तेवढेच हाती राहिले आहे. मृत्यूनंतर घरातले कोणीतरी पेटी उघडून एकेक वस्तू बाहेर काढून ठेवते, त्या कृतीशी या मोजदादीचे नाते आहे. शोकाच्या उद्गारापेक्षा ही मोजणी अधिक बोलकी ठरते. उद्गार निवेदकाविषयी सांगतो, वस्तू गेलेल्या माणसाविषयी सांगते. या अर्थाने हिशेब हेच या कृतींतील शोकाचे रूप आहे. हिशेब सुटतो, त्या ठिकाणी दोन्ही कृती भाबड्या होतात.

ती ठिकाणेही दाखवली पाहिजेत. ‘श्यामची आई’मध्ये प्रसंग संपला की अनेकदा बोध येतो. आईने केलेल्या खर्चाचे रूपांतर तिच्या थोरवीत होते आणि खाते ‘जमा’ दाखवून बंद केले जाते. तिचे नवे वस्त्र राहिले, ही बाब थोरवीच्या प्रकाशात दिपून जाते. निवेदकाला ती दिसत नाही असे नव्हे. ती त्याला दिसते, पण तक्रार म्हणून नव्हे, अलंकार म्हणून. कपोटी बोध करत नाहीत, त्यामुळे त्यांचे खाते उघडे राहते. तथापि अखेरची पतंगांची प्रतिमा भावविवशतेच्या काठावर उभी आहे. ‘जणू’ या शब्दाच्या आधारे ती सावरते. निवेदक पतंग दिसले असे म्हणत नाही. दिसतील अशी अपेक्षा असावी तसा तो वर पाहतो, एवढेच सांगतो. आकाश रिकामेच असते.

दोन्ही निवेदक मृत्यूच्या क्षणी दूर असतात, हे साम्यही या दृष्टीने महत्त्वाचे आहे. शिक्षणासाठी बाहेर असलेला श्याम आईच्या अखेरच्या क्षणी तिच्याजवळ नसतो. बडी दूरच्या शाळेत असतो. दोघांनाही निरोप घेता आलेला नाही. सणाचे तपशीलवार स्मरण हा राहून गेलेल्या निरोपाचा पर्याय आहे. फरक एवढाच की श्यामला श्रोते आहेत. त्याचा शोक समूहात वाटला जातो आणि म्हणून त्याला शिकवणुकीचे वळण लागते. बडी आवारात एकटा चालतो. त्याचा शोक कोणाच्या उपयोगी पडत नाही, आणि म्हणूनच तो शोक म्हणून अधिक शुद्ध राहतो. पहिल्या शोकात सांत्वनाची शक्ती आहे, दुसऱ्यात सत्याची. कोणते श्रेष्ठ, हा प्रश्न अभिरुचीवर सोडता येईल. दोहोंची गल्लत मात्र करता येणार नाही.

काटकसर कोणाच्या खात्यावर?

या वाचनातून एक अस्वस्थ करणारा प्रश्न पुढे येतो. सण आटोपशीर होतो, तेव्हा कपात कोठे होते? दोन्ही कृतींचे उत्तर एकच आहे : तो सण घडवणाऱ्या स्त्रीच्या वाट्यात. म्हातारी नातलगांच्या घरात आश्रित आहे. तिच्या मालकीचे जवळजवळ काही नाही, आणि जे आहे ते केकच्या रूपाने टपालाने बाहेर जाते. श्यामची आई स्वतःची ओवाळणी पतीसाठी खर्चते. सणाची झळ घरातील इतरांपर्यंत पोचू नये म्हणून ती एका जागी अडवली जाते आणि त्या जागी एक स्त्री उभी असते. पुढे ती गेली की मागे राहिलेल्यांना जाणवते की सण तिच्यामुळे होता. तोवर तो ‘आपोआप’ होत असल्यासारखा वाटतो.

याचा अर्थ या कृती अन्यायाचे समर्थन करतात, असा नाही. त्यांनी हिशेब इतका प्रामाणिकपणे मांडला आहे की लेखकाने न काढलेला निष्कर्षही वाचक त्यातून काढू शकतो. चांगल्या स्मरणलेखनाची ही कसोटी मानता येईल. निवेदकाच्या प्रेमाने दिलेला निवाडा बाजूला ठेवूनही त्यातले पुरावे शिल्लक राहतात.

या कृतींच्या स्वीकाराचा इतिहास मात्र पुराव्यांपेक्षा निवाड्याला धरून घडला आहे. ‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पुस्तक संस्काराचे साधन म्हणून घरोघरी पोचले. कपोटींच्या कथेवर १९६६ साली जेराल्डीन पेज यांची भूमिका असलेला दूरचित्रवाणीपट झाला आणि पुढे ती कथा नाताळच्या हंगामात भेट देण्याचे पुस्तक बनली. अभावाची कथा विपुलतेच्या बाजारात वस्तू झाली, हा विरोधाभास उल्लेखनीय आहे. आईची थोरवी आणि नाताळची ऊब वाचकांनी स्वीकारली. फाटके धोतर आणि माश्यांचे सेंट मागे पडले.

निष्कर्ष

उण्या सणाच्या या दोन कृतींत शोक आणि स्मरणसुख परस्परविरोधी नाहीत. एकाच मोजक्या तपशिलातून ते दोन्ही प्रकट होतात. तपशील जितका नेमका, तितका शोक प्रामाणिक आणि रंजन तितके संयत राहते. ‘श्यामची आई’ बोधाकडे वळते तेव्हा तिचा हिशेब अपुरा राहतो, तरी तिने मांडलेल्या नोंदी बोधाला पुरून उरतात. ‘अ ख्रिसमस मेमरी’ बोध टाळते आणि रिकाम्या आकाशापाशी थांबते. दोन्ही कृती वर्गात शिकवताना केवळ मातृप्रेम, वात्सल्य किंवा सणाचे पावित्र्य यांवर भर दिला, तर लेखकांनी कष्टाने जपलेल्या नोंदींकडेच दुर्लक्ष होते. त्या घरात काय किती होते, ते कोणी मिळवले आणि कोणी सोडले, हे विद्यार्थ्यांनी आधी मोजावे. डोळे भरून यायचे असतील तर ते त्यानंतर येतील, आणि ते नेमके कोणासाठी भरून आले, हेही त्यांना कळेल.